भाड्याच्या उत्पन्नावर आर्थिक स्वातंत्र्य: हप्ता, भाडे आणि करार यांचा हिशेब

दुसरा फ्लॅट घेण्याचा विषय निघाला की "हप्ता भाड्यातून सुटेल" हे वाक्य कोणीतरी म्हणतेच. आजच्या मुंबई-पुण्यात, आजच्या किमती आणि आजचे व्याजदर घेऊन कागदावर मांडले, तर हे वाक्य टिकत नाही. म्हणून भाड्याच्या मालमत्तेतून आर्थिक स्वातंत्र्य मिळतच नाही, असेही नाही. ते मिळते, पण कर्जाच्या जोरावर नव्हे. घर कर्जमुक्त झालेले असेल, करार पक्का असेल आणि हातात खरोखर किती पडते हे मालकाला माहीत असेल, तेव्हा मिळते. या लेखात तो हिशेब आणि त्यामागचे महाराष्ट्रातील कायदे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडले आहेत.

आर्थिक स्वातंत्र्याचा अर्थ येथे अगदी मर्यादित घेतला आहे: नोकरी थांबली तरी घरखर्च मालमत्तेच्या नियमित उत्पन्नातून भागणे. या व्याख्येत मालमत्तेच्या वाढत्या किमतीला जवळजवळ स्थान नाही. फ्लॅटची किंमत दुप्पट झाली म्हणून किराणा येत नाही. ती वाढ हातात येण्यासाठी फ्लॅट विकावा लागतो, आणि विकला की भाडे थांबते. किंमतवाढ मुलाबाळांसाठी किंवा अडीअडचणीसाठी मोलाची असेल, परंतु दरमहाच्या खर्चासाठी मोजायचे ते निव्वळ भाडेच.

एका फ्लॅटचा हिशेब

पुण्यात वारज्यासारख्या उपनगरात ८० लाख रुपयांचा, ताबा मिळण्यास तयार असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि त्याला महिना २५,००० रुपये भाडे आहे, असे धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; आपल्या भागातील आकडे घालून वाचकाला हाच हिशेब पुन्हा करता येईल.

किंमत ८० लाख असली तरी खर्च ८० लाखांवर थांबत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार रुपये होते. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी त्याला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. ब्रोकरला १ टक्का दिला तर ८०,००० रुपये गेले. पंखे, गिझर, किचन ट्रॉली, रंग आणि खिडक्यांच्या जाळ्या यांवर १ लाख ३० हजार रुपये सहज लागतात. एकूण झाले ८८ लाख. फ्लॅट केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, आणि या व्यवहारात ती ८०,००० रुपयांची बचत आहे. पती-पत्नी दोघांच्या नावावर घर घेताना ही सवलत हातची जाते, हे पुष्कळांना नोंदणीच्या दिवशीच कळते.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतल्यास ५ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरांना तो १ टक्का आहे. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. केवळ भाड्यासाठी घर घ्यायचे असेल, तर तयार घर घेण्याच्या बाजूने हा एक मुद्दा झाला. दुसरा मुद्दा असा की बांधकामाची तीन-चार वर्षे बँकेचे व्याज चालू असते आणि भाडे शून्य असते.

आता उत्पन्नाकडे वळू. वर्षाचे भाडे ३ लाख रुपये. भाडेकरू बदलताना, रंगरंगोटीत आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत सरासरीने वर्षाला एक महिना घर रिकामे राहते, असे धरणे शहाणपणाचे. म्हणजे उरले २ लाख ७५ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,५०० रुपये धरला तर वर्षाचे ४२,००० रुपये होतात, आणि तो बहुधा मालकच भरतो. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी जे बिनवापर शुल्क आकारते, ते राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. येथे सेवा शुल्क म्हणजे मेंटेनन्सच्या बिलातील सर्व रकमा नव्हेत. पालिकेचे कर त्यात धरले जात नाहीत. सेवा शुल्क २,५०० रुपये असेल तर हे शुल्क महिना २५० आणि वर्षाला ३,००० रुपये होते. जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागत नाही. याहून अधिक बिल येत असेल, तर सेक्रेटरींना त्या आदेशाचा संदर्भ देऊन लेखी विचारावे.

मिळकत कर, म्हणजे घरावरचा पालिकेचा कर, १४,००० रुपये धरला आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिकेत जी ४० टक्के सवलत असते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. त्यामुळे शेजारच्या तशाच फ्लॅटचे बिल पाहून अंदाज बांधला तर तो चुकतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, आणि लहान घर भाड्याने देणाऱ्याला त्याचा चांगला फायदा होतो. दुरुस्ती आणि रंग यांचे सरासरी १५,००० आणि भाडेकरू शोधण्याच्या दलालीचे सरासरी १०,००० रुपये धरले की वर्षाचा खर्च ८४,००० रुपये होतो. उरले १ लाख ९१ हजार रुपये.

८८ लाखांवर १ लाख ९१ हजार म्हणजे २.१७ टक्के. त्याच रकमेच्या ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला ५ लाख ७२ हजार रुपये येतात.

मग लोक भाड्याच्या घराच्या मागे का लागतात? कारण ठेवीचे व्याज वीस वर्षांनीही तेवढेच राहते आणि भाडे वाढते. बहुतेक करारांत दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिलेली असते. या वेगाने आजचे २५,००० रुपये वीस वर्षांनी सुमारे ६६,००० होतात. महागाईबरोबर वाढणारे उत्पन्न हा भाड्याचा खरा गुण आहे आणि निवृत्त माणसासाठी तो मोठा आहे. मात्र या उदाहरणात निव्वळ भाड्याला ठेवीच्या पहिल्या वर्षाच्या व्याजाची बरोबरी करायलाच बावीस वर्षांहून अधिक काळ लागतो, हेही त्याच कागदावर लिहून ठेवायला हवे.

कर्ज आले की काय होते

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते, आणि या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क धरले जात नाही. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटवर जास्तीत जास्त ६४ लाख कर्ज मिळेल आणि उरलेले २४ लाख खिशातून घालावे लागतील. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये बसतो. ६४ लाखांचा हप्ता झाला ५५,५४० रुपये, वर्षाला ६ लाख ६६ हजार. त्यासमोर निव्वळ भाडे १ लाख ९१ हजार. दरमहा सुमारे ३९,६०० रुपये पगारातून घालावे लागतात.

भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते आणि खर्चही त्याच वेगाने वाढतात, असे धरून पुढे मोजले, तर निव्वळ भाडे या हप्त्याला पंचवीस वर्षांनंतर गाठते. कर्ज मात्र वीस वर्षांचे आहे. म्हणजे संपूर्ण कर्जकाळात हप्ता भाड्यातून एकदाही सुटत नाही. उलट बाजूने विचारले, की हा फ्लॅट पहिल्या महिन्यापासून स्वतःचा हप्ता स्वतः भरेल असे कर्ज किती, तर उत्तर येते सुमारे १८ लाख. कर्ज ४० लाख ठेवले तर हप्ता आणि निव्वळ भाडे यांची गाठ सोळा वर्षांच्या आसपास पडते.

माझ्या मते भाड्यासाठी घर घेणाऱ्याने बँक किती कर्ज देते हे विचारण्याआधी हा १८ लाखांचा आकडा आपल्या घरासाठी काढावा. रीत सोपी आहे: वर्षाच्या निव्वळ भाड्याला १२ ने भागावे आणि आलेल्या रकमेला एका लाखाच्या हप्त्याने भागावे. उत्तर लाखांत मिळते. प्रत्यक्ष कर्ज या आकड्यापेक्षा जितके मोठे, तितका तो फ्लॅट पगारावर अवलंबून. नोकरीपासून स्वतंत्र होण्यासाठी घेतलेली वस्तू आणखी वीस वर्षे नोकरीला बांधून ठेवते, आणि मोठ्या कर्जाच्या दुसऱ्या घराबाबत नेमके हेच घडते.

यातून मार्ग आहे तो कर्ज लवकर फेडण्याचा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी बँकेला दंड आकारता येत नाही. दरवर्षी बाराऐवजी तेरा हप्त्यांइतकी रक्कम भरली, तर वरचे कर्ज वीसऐवजी साधारण साडेसोळा वर्षांत संपते. बोनस, सुटलेली विमा पॉलिसी, गावाकडच्या जमिनीचे आलेले पैसे यांचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. निदान तिसऱ्या फ्लॅटचे बुकिंग करण्यापेक्षा हा नक्कीच चांगला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार रुपये घरखर्च असलेल्या कुटुंबाला असे चार कर्जमुक्त फ्लॅट लागतील. आजच्या किमतीत ही मालमत्ता साडेतीन कोटींची झाली. नोकरदार मध्यमवर्गीय माणसाला हे अवघड आहे. म्हणून भाड्याच्या उत्पन्नाकडे संपूर्ण घरखर्चाचा आधार म्हणून न पाहता पेन्शन, भविष्य निर्वाह निधी आणि म्युच्युअल फंड यांच्याबरोबरचा एक भाग म्हणून पाहणे अधिक वास्तव आहे. एका कर्जमुक्त फ्लॅटचे भाडे घरखर्चाचा पाव भाग उचलते, आणि तो भाग महागाईबरोबर वाढत राहतो. एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

प्राप्तिकर

घरभाड्यावरील कराची रीत मालकाला बरीच सोयीची आहे. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेंटेनन्स, दुरुस्ती, दलाली यांपैकी काहीही वेगळे वजा करता येत नाही; खर्च त्याहून कमी झाला तरी ३० टक्के मिळतात आणि जास्त झाला तरी तेवढेच. आपल्या उदाहरणात २ लाख ७५ हजारांतून १४ हजार आणि मग ३० टक्के वजा केले की १ लाख ८२ हजार ७०० रुपये करपात्र उरतात. यातून गृहकर्जाचे व्याज वजा होते.

येथे जुनी आणि नवी करप्रणाली यांच्यात मोठा फरक पडतो. ६४ लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ५ लाख ३९ हजार होते, म्हणजे घरापोटी साडेतीन लाखांहून अधिक तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत त्यातील २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे घराच्या उत्पन्नापुरता ओढता येतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरते वजा होते, पगाराला मात्र त्याचा स्पर्शही होत नाही. "दुसरे घर घ्या, टॅक्स वाचेल" हा सल्ला जुन्या प्रणालीच्या काळातला आहे आणि तो आजही सर्रास दिला जातो. नव्या प्रणालीत असलेल्याने तो ऐकून सोडून द्यावा. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी ३० टक्के वजावटीची ही रीत कायम आहे.

महिना ५०,००० रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या व्यक्तीने २ टक्के कर कापून भरायचा असतो. हा दर ऑक्टोबर २०२४ पूर्वी ५ टक्के होता. मालक परदेशात राहणारा असेल तर गोष्ट वेगळी होते. अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे पुण्यात, ठाण्यात फ्लॅट आहेत. अशा अनिवासी मालकाला भाडे देताना, ते १०,००० रुपये असले तरी, भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावरील उपकर मिळून ३१.२ टक्के कर कापणे अपेक्षित असते. त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक, म्हणजे कर कापून सरकारकडे भरणाऱ्यांसाठीचा क्रमांक, काढावा लागतो. पुष्कळ भाडेकरूंना हे माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते ते अशा घराच्या वाटेला जात नाहीत. अनिवासी मालकाने हा मुद्दा करारापूर्वीच स्पष्ट करावा, भाडे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्न जमा करण्याच्या खात्यात) घ्यावे आणि जास्त कापलेला कर परत मिळवण्यासाठी दरवर्षी विवरणपत्र भरावे.

अकरा महिन्यांचा करार कोठून आला

महाराष्ट्रातील घरमालकाच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती असते, तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. महागाई कितीही वाढली तरी गिरगाव-दादरच्या चाळींचे भाडे जवळजवळ जागचे हलले नाही; मालकांनी डागडुजी थांबवली; आणि पागडीचा व्यवहार रुजला. पागडीत भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम देतो, नंतर नाममात्र भाडे भरतो आणि सोडताना नव्या भाडेकरूकडून पैसे घेऊन त्यातील वाटा मालकाला देतो. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळानुरूप राहिल्या नसल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षाला ४ टक्के वाढवण्याची मुभा आहे.

या कायद्यांतून सुटण्यासाठी मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे केवळ वापराच्या परवानगीचा करार करायला सुरुवात केली. भाडेपट्ट्यात जागेत हक्क निर्माण होतो. परवान्यात तो होत नाही, मुदत संपली की राहणाऱ्याने निघायचे असते. परंतु १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली राहत असलेल्या सर्वांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. तात्पुरते म्हणून घर दिलेल्या मालकांना ते परत मिळेना. त्यानंतर घर रिकामे पडलेले परवडले पण द्यायला नको, ही भावना दोन पिढ्या टिकली.

आजची स्थिती मालकाच्या बरीच बाजूने आहे, आणि हे अजूनही पुरेसे माहीत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपल्यावर जागा रिकामी न केल्यास मालक नेहमीच्या दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. नोटीस मिळाल्यावर राहणाऱ्याला तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रावर बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरपाई म्हणून देण्याचा आदेश होऊ शकतो. लेखी करार हाच त्यातील तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जातो.

हे सारे संरक्षण करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तरच उपयोगी पडते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आला. त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचे कलम ५५ अकरा महिन्यांच्या करारालाही लागू होते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल, ते खोटे सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून घेतलेल्या कराराच्या भरवशावर ऐंशी लाखांची मालमत्ता देणारे मालक आजही दिसतात.

खर्चाचे कारण येथे पुढे करता येणार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे. २५,००० भाडे, ७५,००० डिपॉझिट आणि अकरा महिने मुदत असेल तर ते ७०५ रुपयांच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो आणि आधारची पडताळणी झाली की काम संपते. करार तीन वर्षांचाही करता येतो. दरवर्षीची ५ टक्के वाढ आणि मध्ये सोडण्यासाठी एक महिन्याची नोटीस त्यातच लिहिली की वारंवारचा खर्च वाचतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे, कराराची प्रत सोसायटीला देणे ही कामे त्याच आठवड्यात उरकावीत.

चावी देताना आणि त्यानंतर

पैसा बुडतो तो बहुधा मोठ्या वादांत नव्हे, तर चावी देताना केलेल्या हयगयीत. घर सोपवताना वीजमीटरच्या आकड्याचा, गॅस पाइपलाइन असेल तर तिच्या मीटरचा, प्रत्येक भिंतीचा आणि विशेषतः बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा फोटो तारखेसह काढावा. ओल आधीपासून होती की नळ गळत ठेवल्याने आली, हा डिपॉझिट परत देतानाचा नेहमीचा वाद असतो. त्या एका फोटोने तो दोन मिनिटांत मिटतो. पंखे किती, गिझर कोणत्या कंपनीचा, चाव्यांचे संच किती, ही यादी कराराला जोडून दोघांनी सही करावी. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग मालकाचे, तुटलेला फ्लश बटण किंवा जळालेला बल्ब भाडेकरूचा, अशी वाटणी लिहून ठेवली तर फोनवर आवाज चढत नाहीत.

भाड्याच्या रकमेविषयी एक मत नोंदवतो. बाजारभावापेक्षा हजार-दीड हजार कमी घेऊन तीन वर्षे टिकणारे कुटुंब ठेवणे हे प्रत्येक वेळी शेवटचा रुपया ओढून दरवर्षी भाडेकरू बदलण्यापेक्षा फायद्याचे ठरते. दीड हजारांप्रमाणे वर्षाला अठरा हजार कमी मिळतात. पण एक महिना रिकामे घर, दलाली आणि रंग यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो.

फ्लॅटखेरीज

दोन बेडरूमच्या महागड्या फ्लॅटपेक्षा एक बेडरूमचे छोटे घर, कंपन्या किंवा महाविद्यालये यांच्या जवळचे, किमतीच्या मानाने बहुधा जास्त भाडे देते. दुकानाचा गाळा याहून जास्त देतो, पण रिकामा राहिला तर वर्षभर राहतो, आणि मालकाची उलाढाल २० लाखांवर गेली की भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घरावर जीएसटी नाही.

ज्यांना मालमत्ता सांभाळायची नाही, त्यांच्यासाठी रीट, म्हणजे भाड्याच्या मोठ्या मालमत्तांत अनेकांनी मिळून पैसे गुंतवण्याची योजना, हा पर्याय आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये त्याचे नियम केले आणि २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा पहिला रीट शेअर बाजारात आला. नंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलवर आधारलेला नेक्सस आले. मोठी कार्यालये, मॉल यांची मालकी युनिटांत विभागलेली असते, किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडे देणारी असावी लागते, आणि वाटप करण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना द्यावी लागते. हिंजवडी, येरवडा किंवा ऐरोलीच्या ज्या आयटी पार्कमध्ये आपली मुले कामाला जातात, त्यांच्या भाड्यातील अगदी छोटा वाटा एक युनिट घेऊनही मिळू शकतो. युनिटची किंमत शेअरप्रमाणे खाली-वर होते, हे मात्र लक्षात ठेवावे. बिल्डरच्या 'खात्रीशीर भाडे' योजनांपासून दूर राहिलेले बरे. ती खात्री बिल्डर उभा आहे तोवरच असते.

या सर्वांत मला सर्वाधिक पटणारा पर्याय जाहिरातीत दिसत नाही, कारण त्यात विकायला काही नसते. सातारा, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर येथे ज्यांचे स्वतःचे बैठे घर आहे, त्यांनी वर एक मजला चढवणे. जागा आधीच आपली असते, त्यामुळे खर्च फक्त बांधकामाचा. ७०० चौरस फूट, चौरस फुटाला २,००० रुपये धरले तर १४ लाख. भाडे ८,००० आले तरी वर्षाला ९६,००० होतात, म्हणजे जवळजवळ ७ टक्के. वारज्याच्या फ्लॅटचे ढोबळ भाडे किमतीच्या पावणेचार टक्के होते. शिवाय मालक खालीच राहतो, त्यामुळे नळ गळू लागल्याचे त्याला त्याच दिवशी कळते. त्याआधी जुना पाया एका मजल्याचा भार झेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे आणि नगरपालिकेची बांधकाम परवानगी काढावी; परवानगीविना चढवलेल्या मजल्यावर कर्ज मिळत नाही आणि पुढे वारसांना तो विकताही येत नाही. जिना बाहेरून काढावा. पाण्याची टाकी आणि वीजमीटर वेगळे ठेवावेत, म्हणजे दरमहा बिलाच्या वाटणीचा प्रश्नच उरत नाही.